कोजागिरीच्या गच्चीवर कोणती पुस्तके न्यावीत?

वाचकाचे पत्र

"मी वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहते आणि शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहे. आमच्या ओळखीची दहा-बारा मराठी कुटुंबे दरवर्षी कोजागिरीला एका गच्चीवर जमतात. दूध आटेपर्यंत कोणीतरी आपल्या आवडीच्या पुस्तकांविषयी बोलावे, अशी पद्धत पडली आहे. गेल्या वर्षी मी चाळीस पुस्तकांची यादी वाचून दाखवली आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवली. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली, पण वाचले कोणीच नाही. यंदा पुन्हा माझीच पाळी आहे. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली, माझी सून गुजराती, आणि यजमानांचे म्हणणे असे की लोक दूध प्यायला येतात, पुस्तके ऐकायला नव्हे. आईच्या शेवटच्या आजारपणात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने मला सावरले. त्याविषयी बोलावेसे वाटते, पण चारचौघांत ते शोभेल का, हे कळत नाही. शरद ऋतूत वाचण्यासारखी पुस्तके सुचवावीत आणि ती लोकांपुढे कशी मांडावीत, हेही सांगावे. दिलेली पुस्तके परत कशी मागायची, हा प्रश्न तर आहेच."

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली यादी कोणी वाचली नाही याचा दोष पुस्तकांकडे जात नाही आणि त्या मंडळींकडेही फारसा जात नाही. चाळीस नावे एका दमात सर्वांना सांगितली की ती 'सहकुटुंब सहपरिवार' अशा छापील आमंत्रणासारखी होतात. ते सर्वांना पोचते, पण आपण गेलो नाही तर कोणाला चुकल्यासारखे वाटेल, असे कोणालाच वाटत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की यंदा यादी करूच नये. कापडी पिशवीत पाच-सहा पुस्तके घालून न्यावीत, आणि गच्चीवर येणाऱ्या मंडळींपैकी कोणते पुस्तक कोणाच्या हाती द्यायचे हे घरूनच ठरवून निघावे. शिफारस वैयक्तिक ठरते ती सांगणाऱ्याच्या आवडीमुळे जितकी, तितकीच ऐकणाऱ्याची ओळख ठेवल्यामुळे. आपण वर्षानुवर्षे मुलांना शिकवले आहे. कोणाला कोणता धडा पचतो हे आपल्याला माझ्याहून अधिक कळते.

ही रीत आपल्या शहराला परकी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा लवकरच एक अडचण स्पष्ट झाली. शाळेत शिकलेली अक्षरे पुढे वाचायला काही नसेल, तर विसरली जातात. त्यावर उपाय म्हणून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले, शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि गावोगाव वाचनालये निघाली. मांडवीजवळच्या या ग्रंथालयातील लोखंडी मांडण्या आणि त्यांच्या मजल्यांची काचेची जमीन बाहेरगावचे पाहुणे आजही कौतुकाने पाहतात, पण मला स्वतःला त्या व्यवस्थेतील फिरत्या पेट्यांचे अधिक कौतुक वाटते. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे निवडक पुस्तकांची एक पेटी जायची, काही काळ राहायची आणि पुढे सरकायची. पेटीत मावतील एवढीच पुस्तके पाठवायची असल्याने कोणाला तरी निवड करावी लागे. आपल्या पिशवीलाही तीच मर्यादा असू द्यावी.

आता ऋतूचा विचार करू, कारण आपण शरदासाठी पुस्तके विचारली आहेत आणि हा ऋतू सबंध एकसारखा नसतो. नवरात्रात वडोदऱ्यात पुस्तक वाचायला सांगणे व्यर्थ आहे. गरब्याहून मध्यरात्री परतलेला माणूस दुसऱ्या दिवशी जांभया देतच काम करतो. दसऱ्याला तर आपल्या घरांत पुस्तके पूजेला मांडलेली असतात, त्यामुळे त्या दिवशी न वाचण्याला धर्माचाही आधार मिळतो. कोजागिरीनंतरच्या पंधरवड्यात दुपारी ऊन चटके देते, घरोघर साफसफाई निघते, फराळाचे डबे उघडतात आणि मुलांच्या मागे परीक्षा असते. त्यानंतर दिवाळीची लांब सुट्टी येते. तेव्हा कोजागिरीच्या रात्री जे पुस्तक लगेच उघडले जावे असे वाटते ते लहान, दोन-तीन बैठकांत संपणारे असावे, आणि जे जाड आहे ते देतानाच सांगावे की हे भाऊबीज झाल्यावर उघडा. ज्याच्या हाती वेळच नाही त्याला जाड पुस्तक दिले तर तो वाचत नाही, आणि शिवाय आपल्याला टाळू लागतो.

ऋतूचेच पुस्तक हवे असेल तर दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ला पर्याय नाही. ते १९५६ साली प्रसिद्ध झाले. वर्षाच्या बारा महिन्यांवर बारा लेख अशी त्याची रचना असल्यामुळे ते पहिल्या पानापासून वाचण्याची गरजच नाही, आणि आपल्या कामासाठी हा त्याचा मोठा गुण आहे. आश्विनावरचा लेख काढावा आणि त्यातले अर्धे पान मोठ्याने वाचावे. बाकीचे ज्याचे त्याने महिना येईल तसे वाचावे, म्हणजे पुस्तक वर्षभर त्या घरात राहील. ज्यांच्या बाल्कनीत चार कुंड्या आहेत आणि ज्यांना झाडांवर बोलायला आवडते, अशा एखाद्या काकूंना ते द्यावे. त्यात एक अडचणही आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. भाषा दाट आहे, झाडाफुलांची आणि पाखरांची नावे पुष्कळ येतात, त्यामुळे घाईने वाचणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटू शकते.

गच्चीवर कीर्तन-प्रवचनाची आवड असलेले एखादे आजोबा नक्की असतील. त्यांना वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडातील शरदाच्या वर्णनाची आठवण करून द्यावी. पावसाळाभर राम-लक्ष्मण डोंगरावर थांबलेले आहेत आणि सुग्रीव राज्यसुखात दिलेला शब्द विसरला आहे. मग आभाळ निवळते, चिखल वाळतो, नद्यांची पात्रे हळूहळू उघडी पडतात आणि राजे मोहिमांना निघण्याचे दिवस आले हे पाहून रामाचा संयम सुटतो. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो त्यामागेही ऋतूचा हाच हिशेब आहे. या महाकाव्याची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत १९६० ते १९७५ या काळात आपल्याच शहरात, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात सिद्ध झाली, हे आजोबांच्या नातवंडांना बहुधा ठाऊक नसते. मराठी भाषांतरात हा भाग थोड्याच पानांचा आहे. तेवढाच द्यावा, सबंध रामायण देऊ नये.

महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींपैकी एकासाठी मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' निवडीन, आणि या सूचनेवर मला थोडे रेंगाळायचे आहे. ही छोटी पुस्तिका आहे, मूळ इंग्रजीत लिहिलेली. मराठी भाषांतरेही मिळतात. ज्या पिढीला इंग्रजी अधिक सोपे जाते तिने ती मूळ भाषेतच वाचावी, त्यात आपल्या मराठीपणाला काही कमीपणा येत नाही. तिच्यात अस्पृश्यतेचे काही प्रसंग सांगितले आहेत, आणि त्यांतला एक मोठा प्रसंग वडोदऱ्यातला आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले आंबेडकर करारानुसार १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण त्यांना शहरात राहायला कोणी जागा देईना. ओळख लपवून ते एका पारशी वसतिगृहाच्या माळ्यावर राहिले. भोवती अडगळ, सोबत माणूस नाही, उजेडाला एक लहान कंदील आणि डोक्यावर फडफडणारी वटवाघळे. माणसांची सोबत नसल्यामुळे आपण पुस्तकांची सोबत धरली आणि वाचनात एकटेपण विसरत गेलो, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि ती जागाही गेली. त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले. २३ सप्टेंबर हा दिवस त्या घटनेची आठवण म्हणून आजही पाळला जातो, तेव्हा काळाच्या दृष्टीनेही हे शरदाच्या तोंडावरचेच वाचन आहे.

हे पुस्तक सुचवण्यामागे माझा आग्रह यासाठी की वडोदऱ्यातील मराठी माणूस आपल्या शहराच्या मोठेपणाची गोष्ट वारंवार सांगतो, आणि शिष्यवृत्तीचा भाग त्यात अभिमानाने येतो. पुढचा भाग मात्र बहुतेक वेळा गाळला जातो. सणाच्या रात्री हे सांगावे का, अशी शंका कोणी घेईल. माझ्या मते अवश्य सांगावे. मात्र देताना उपदेश जोडू नये, "सयाजीबागेत आपण सगळे खेळलो आहोत, तिथे बसून एका माणसाने काय लिहिण्याजोगे सोसले ते वाच," एवढेच म्हणावे. एका संध्याकाळचे वाचन आहे. त्यावर नंतर बोलणे किती लांबेल ते मात्र सांगता येत नाही.

मुलांना मराठी वाचता येत नाही, ही जी तक्रार आपल्या पत्रात आडून आली आहे, ती मला पूर्ण मान्य नाही. गुजराती माध्यमात शिकणारी मुले शाळेत हिंदी शिकतात, त्यामुळे देवनागरी अक्षरे त्यांना अपरिचित नसतात. अडते ते अनोळखी शब्दांपाशी आणि लांब वाक्यांपाशी. म्हणून अशा मुलाच्या हाती प्रथम लहान वाक्यांचे पुस्तक द्यावे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची आहे, अगदी आटोपशीर आहे आणि तिच्यातील वाक्येही तशीच. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, माणसे त्याला हळूहळू आपला मानतात, आणि मग दुष्काळ पडतो. काही माणदेशी शब्द अडतील, पण दर पानावर थांबून अर्थ विचारायची वेळ येणार नाही. आपण स्वतः शिक्षिका असल्यामुळे पहिले प्रकरण आपणच त्या मुलाला वाचून दाखवावे आणि दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर पुस्तक त्याच्या हाती सोपवून स्वयंपाकघरात निघून जावे. याहून लहान मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. पण परीक्षा संपेपर्यंत ते पुस्तक आईच्या ताब्यात ठेवायला सांगावे, नाहीतर दोष आपल्यावर येईल.

सूनबाईंचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण आपण त्यांना मराठी पुस्तक दिले तर त्यात शिकवण्याचा वास येऊ शकतो. इथे आधी घेणे आणि मग देणे बरे. "तुला आवडलेले एक गुजराती पुस्तक मला दे, मी दिवाळीत वाचते," असे आपणच म्हणावे. इतकी वर्षे वडोदऱ्यात राहिल्यानंतर गुजराती लिपी आपल्याला अवघड नसावी. त्यांनी उलट विचारले तर काका कालेलकरांचे नाव सुचवावे. कालेलकर जन्माने साताऱ्याचे मराठी, काही काळ वडोदऱ्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक होते, आणि पुढे गुजराती गद्यात त्यांनी असे स्थान मिळवले की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. त्यांचे 'हिमालयनो प्रवास' हे मूळ गुजराती पुस्तक सासू-सून दोघींनी एकाच महिन्यात वाचावे. कोणी कोणाच्या भाषेत यायचे हा वाद त्या पुस्तकापुरता तरी उरत नाही, आणि केदार-बदरीच्या वाटेवरील पायपिटीविषयी बोलायला पुष्कळ मिळते.

वडोदऱ्यातील मराठी घरांची सोयरीक ग्वाल्हेर-इंदूरकडे पुष्कळ असते आणि दिवाळीच्या सुट्टीत तिकडे प्रवास होतात. असे कोणी निघणार असेल तर विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' त्यांच्या सामानात टाकावा. वरसईचा हा गरीब भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झांशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट त्याने शहरात असताना पाहिली, आणि इतक्यातून तो गंगेची कावड घेऊन घरी परतला. चिं. वि. वैद्यांनी ते लिखाण १९०७ साली प्रसिद्ध केले. जुने गद्य आहे, पण आगगाडीत वाचायला याहून वेगवान मराठी पुस्तक मला चटकन आठवत नाही.

आता 'स्मृतिचित्रे'विषयी, म्हणजे आपल्या पत्रातील खऱ्या प्रश्नाविषयी. आईच्या आजारपणाचा उल्लेख करावा की नाही, असे आपण विचारता. करावा, पण एका वाक्यात करावा. "आईजवळ रात्री जागताना मी हे वाचत होते" एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला कळते की हे पुस्तक आपण कौतुकाच्या ओघात सुचवत नाही, त्याने आपल्याला खरोखर साथ दिली आहे. त्यापुढे आजार, औषधे आणि अखेरचे दिवस यांचे वर्णन सुरू झाले तर पुस्तक बाजूला राहते, मंडळी सांत्वनाचे शब्द शोधू लागतात, आणि त्या वातावरणात त्या पुस्तकाला हात लावायचे धैर्य कोणाला होत नाही. दुःखाचे पुस्तक म्हणून त्याची ओळख झाली तर ते लक्ष्मीबाईंवरही अन्याय करणारे होईल, कारण त्या पानापानावर हसवतात.

म्हणून त्या एका वाक्यानंतर लगेच पुस्तकाकडे वळावे. घरात येणारी प्रत्येक वस्तू सोवळ्यात धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या हकिगती सुरुवातीलाच आहेत. त्यांतली एखादी वाचून दाखवली तर दुधाच्या पातेल्याजवळ उभ्या असलेल्या बायकाही कान देतील. नंतर नारायण वामन टिळकांशी झालेले लग्न, न सांगता घरातून निघून जाणारा आणि हातातले कोणालाही देऊन टाकणारा नवरा, १८९५ मध्ये त्याने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, त्यानंतरची ताटातूट आणि पुन्हा एकत्र येणे, हे सर्व त्या बाईंनी कोणाचाही न्याय न करता सांगितले आहे. १९३४ पासून चार भागांत हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्या काळच्या पुष्कळ लेखकांचे गद्य आज कोरडे वाटते, पण लक्ष्मीबाईंचे मराठी शेजारच्या ओसरीवरून ऐकू यावे इतके ताजे राहिले आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून ते आपल्याला का मानवले असेल, याचा मला अंदाज येतो. त्यात संकटे ओळीने येतात, पण सांगणारी बाई त्यांच्यापुढे दबत नाही, आणि कोणत्याही पानावर थांबून पुन्हा सुरू करता येते. जागरणात वाचणाऱ्याला ही सोय फार मोलाची असते. हेच आपण सांगावे. सध्या ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे अशी एखादी व्यक्ती त्या गच्चीवर असेल, तर ते पुस्तक तिच्यासाठी ठेवावे, आणि सर्वांसमोर न देता जिन्यात गाठून द्यावे.

ताई, या साऱ्यांतून आपण पाच-सहाच निवडावीत, आणि ज्यांना माणूस सापडणार नाही ती घरीच ठेवावीत. माझ्या आवडीची आहेत म्हणून नेऊ नयेत. जे आपण स्वतः वाचलेले नाही ते कोजागिरीपूर्वी वाचून होत असेल तरच न्यावे. ऐकीव शिफारस लोकांना लगेच ओळखू येते. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचे जाड खंड भेट देण्याची जी सवय आहे, तिच्याविषयी मी मुद्दाम काही बोलत नाही. ते खंड दिवाणखान्याच्या कपाटात छान दिसतात.

दिवाळी अंकांचा विषय टाळून मराठी शरद पुरा होत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण या दिवसांत फराळाच्या बरोबरीने अंकांची वाट पाहत आलो आहोत. पण अंकाची शिफारस करणे हे पुस्तकाच्या शिफारशीहून अवघड आहे, कारण जाहिराती, राशिभविष्य आणि लेख यांच्या गर्दीत चांगली कथा दडून बसते. त्यासाठी मी असे सुचवीन की दहा-बारा घरांनी तोच अंक दहा-बारा वेळा विकत घेण्याऐवजी प्रत्येकाने वेगळा अंक मागवावा, जो ज्याला आवडेल त्या लेखावर किंवा कथेवर पेन्सिलीने खूण करावी आणि पाडव्यानंतर अंक पुढच्या घरी द्यावा. खुणा वाचतानाच माणसांच्या आवडी कळतात, आणि पुढच्या कोजागिरीला कोणाला काय द्यायचे याची तयारी आपोआप होते.

मांडणीविषयी थोडेसे. यजमान म्हणतात ते खरे आहे की लोक दुधासाठी येतात, पण दूध आटायला वेळ लागतो आणि तो वेळ आपल्याला बिनविरोध मिळतो. एकेका पुस्तकावर दोन-तीन मिनिटांहून अधिक बोलू नये, शेवट सांगू नये, आणि प्रत्येक पुस्तकाचा एक दोषही सांगावा, म्हणजे गुणांवर विश्वास बसतो. उताऱ्याच्या पानावर आधीच चिठ्ठी ठेवावी. चांदण्यात अक्षरे दिसतात असे कवी म्हणोत, आपण छोटी विजेरी जवळ ठेवावी. त्यानंतर मात्र "वाचलेत का?" असा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नये. त्या प्रश्नाने पुस्तकाचे गृहपाठात रूपांतर होते, आणि आपण निवृत्त झाला आहात.

परतीचा प्रश्न आपण शेवटी विचारला असला तरी तो किरकोळ नाही, कारण या भीतीनेच पुष्कळ लोक पुस्तके देत नाहीत. ज्या प्रतीत आपल्या हाताच्या खुणा आहेत किंवा जी आईजवळ बसून वाचलेली आहे, ती देऊ नये. 'स्मृतिचित्रे'ची दुसरी प्रत विकत घ्यावी, किंवा त्या घरातील कोणी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे सभासद असेल तर तिथल्या मराठी पुस्तकांतून घ्यायला सांगावे. बाकीची देताना पहिल्या पानावर आपले नाव आणि 'तुळशीच्या लग्नापर्यंत' अशी मुदत लिहावी. तारखेपेक्षा ही मुदत आपल्या माणसांच्या अधिक लक्षात राहते आणि ती कठोरही वाटत नाही. त्या दिवशी फराळाचे रिकामे डबे जसे घरोघर परत येऊ लागतात तशी पुस्तकेही येतील. एखादे न उघडताच परत आले तर काही न बोलता घ्यावे, मुदत खोडून नवी लिहावी आणि ते दुसऱ्या घरी पाठवावे.